लाल पानांचा गुलमोहर

पानं लाल होती आणि फुलं हिरवी.

बाकी चित्रात चूक काढायला जागा नव्हती. खोड तपकिरी, आकाश निळं, मागच्या क्वार्टर्सच्या भिंतींवर दहा वाजताचं पांढरं ऊन. झाडाचा पसारा समोर होता तसाच कागदावर उतरला होता, डावीकडची तुटकी फांदीसुद्धा. फक्त सगळं झाड लाल पानांचं होतं आणि त्यावर हिरव्या फुलांचे झुबके होते.

चित्र जमिनीवर ठेवलेलं होतं, चार कोपऱ्यांवर चार खडे. शेजारी आमची तीन. एप्रिलचा शेवटचा रविवार, सोलापूरच्या रेल्वे कॉलनीचं मैदान. काम संपलं की चित्रं अशी ओळीनं मांडायची आणि सगळ्यांनी समोर उभं राहायचं, याला आम्ही पंगत म्हणायचो. पंगतीचा नियम एकच. दुसऱ्याच्या चित्राबद्दल बोलताना आपण त्यातून काय घेतलं ते आधी सांगायचं, काय खटकलं ते नंतर.

"बोला की," म्हमाणे काका म्हणाले. "आज सगळ्यांची तोंडं शिवलीत काय?"

शिवलिंगप्पा म्हमाणे, वय त्रेसष्ट, रेल्वेचे निवृत्त ड्रायव्हर. चौतीस वर्षं इंजिनात काढलेली. आम्हा चौघांत त्यांचा हात सगळ्यात तयार होता आणि आम्हाला जे काही येत होतं ते बहुतेक त्यांनीच शिकवलं होतं. चित्र त्यांचं होतं.

फरीदा आधी बोलली. ती माझी शेजारीण, विम्याच्या कचेरीत कारकून. "काका, मी यातून धाडस घेतलं. एवढं धाडस मला जन्मात जमायचं नाही."

"धाडस?" काकांनी कपाळाला आठी घातली. "गुलमोहर हाय तसा काढलाय. त्यात धाडस कसलं?"

फरीदानं माझ्याकडं पाहिलं. मी चित्राकडं पाहिलं.

"हिमतीनं रंग भरलाय म्हणत्यात ओ त्या," श्रीहरी येमूल मध्ये पडले. येमूल शेठचा चादरीचं सूत रंगवायचा कारखाना होता. मनगटापर्यंत कुठला ना कुठला रंग लागलेला असायचा. "पाणी कमी, रंग जास्त. मी तेच घेतलं. पुढं."

"देगावकर बाई?" काका माझ्याकडं वळले. "तुम्ही पेपरवाल्या. तुमचं खरं. उद्या अकराला हे माझ्या जुन्या असिस्टंटला, अंबादासला द्यायचंय, सगळ्या ड्रायव्हर लोकांपुढं. खोट असंल तर आत्ताच सांगा."

मी म्हणाले, "आकाश एका दमात आलंय. कुठं रेघ नाही."

हे खरं होतं. खरं तेवढंच छापूनही वाचकाला चुकीच्या जागी नेता येतं, हे मला एकोणीस वर्षांच्या नोकरीत चांगलं कळलेलं होतं.

"बास," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "बाईंनी पास केलं म्हणजे झालं."

*

मी तेव्हा एका दैनिकात जिल्हा पानाची उपसंपादक होते. तालुक्याच्या वार्ताहरांनी पाठवलेला मजकूर तपासायचा, उलटीसुलटी वाक्यं सरळ करायची, नावं आणि आकडे पडताळायचे, साडेसातला पान सोडायचं. नवऱ्याला जाऊन चौदा महिने झाले होते. त्याची निधनवार्ता मीच लिहिली. बेचाळीस शब्द, वय आणि अंत्यविधीच्या वेळेसकट सगळं बरोबर. त्यानंतर मी एक दिवसही रजा घेतली नाही. लोक म्हणाले, बाई धीराची आहे. तसं काही नव्हतं. मला काही होत नव्हतं, इतकंच. जेवण चवीला लागायचं नाही आणि नाही लागलं तरी चालायचं.

एकच गोष्ट अडचणीची झाली होती. घरातून निघताना मी दारात "गॅस?" म्हणायची आणि तो आतून "बंद" म्हणायचा. "नळ?" "बंद." मग कुलूप. बावीस वर्षांची सवय. आता मी जिन्यातून दोनदा परत जाऊन बघून यायची. त्या रविवारीही एकदा गेले होते.

फरीदानं मला आठ महिन्यांपूर्वी ओढून आणलं होतं. "नलू, चल. काही नको करूस, नुसती बस. चहा मिळतो." मी बसले नाही, काढायला लागले. येमूल शेठनी तिसऱ्या पंगतीतच माझ्या चित्राचा निकाल लावला होता. "बाई, तुमच्या चित्रात चूक नसती. म्हणून बघवत न्हाई."

"श्रीहरी, आधी काय घेतलं ते सांग की बे," काकांनी दटावलं होतं.

"घेतलं की. झोप घेतली."

सगळे हसले. मीही हसले असेन.

काकांनी मात्र मला खरंच शिकवलं. आमच्या गावचं ऊन जलरंगाचं वैरी. कागदावर पातळ रंगाचा सलग हात फिरवायचा, त्याला वॉश म्हणतात, तर तो या टोकाकडून त्या टोकाला पोचेपर्यंत मागचा भाग वाळलेला. काका कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर चिकटवायला सांगायचे. पाण्यात ग्लिसरीनचे दोन थेंब. आणि एक गोष्ट दर रविवारी बजावायचे.

"मध्ये थांबायचं न्हाई. शिंक आली तरी न्हाई. थांबलात की तिथं रेघ पडली, आणि पडलेली रेघ कुणाच्या बापाला पुसता येत न्हाई. काय करायचं ते कागदाला हात लावायच्या आधी ठरवा. गाडीला ब्रेक लावायचा असतो एक किलोमीटर आधी. फलाट दिसल्यावर लावणारा ड्रायव्हर नव्हे."

त्यांच्या आकाशात कधी रेघ नसायची.

*

पंगत उठली. फरीदा आणि काका चहाच्या टपरीकडं निघाले. मी मैदानाच्या कोपऱ्यातल्या नळावर ब्रश धुवत होते. येमूल शेठ शेजारी येऊन उभे राहिले.

"बाई, त्येंना रंग दिसत न्हाईत."

मी नळ बंद केला.

"सहा महिने झाले, मला ठाव हाय. एकदा कारखान्यावर आले होते. मी लाल आणि हिरवी लडी पुढं धरली, म्हटलं काका, चादरीला कुठली घेऊ? म्हणाले, डावी घे. रंगाचं नाव न्हाई घेतलं. मग मी बघत गेलो. ते पॅलेटवर अंगठ्यानं कप्पे मोजत्यात. पहिला, दुसरा, तिसरा. रंग डोळ्यानं उचलतच न्हाईत."

"तुम्ही बोलला नाहीत."

"त्येंनी सांगितलं न्हाई, मी विचारलं न्हाई. रविवारी माणूस चित्र काढायला येतो, डोळे तपासून घ्यायला न्हाई." त्यांनी हातावरचा निळा डाग दुसऱ्या हातानं चोळला. तो जाणारा नव्हता. "पण आज काय झालं कळंना. सहा महिन्यांत एकदा पण चुकले न्हाईत."

मला कळलं होतं.

मागच्या रविवारी काका पॅलेट कट्ट्यावर विसरून गेले होते. मी ती घरी नेली. सगळे रंग वाळून तडकलेले. मी नव्या ट्यूबा आणल्या, कप्पे घासून धुतले, भरले. आधी कुठला रंग कुठं होता ते कागदावर लिहूनही ठेवलं होतं. वरच्या ओळीत अंगठ्याच्या भोकापासून लाल, पिवळा, आणखी एक पिवळा, हिरवा. खालच्या ओळीत निळा, गडद निळा, किरमिजी, तपकिरी. मला ते खटकलं. लाल निळ्याच्या डोक्यावर आणि हिरवा तपकिरीच्या. एकमेकांशेजारी नको ते रंग. मी लाल आणि हिरव्याची अदलाबदल केली. दोनच कप्पे. पॅलेट एकदम नीट दिसायला लागली. दुसऱ्याचा मजकूर सरळ करायचा माझा हात असा होता, की विचारायचं असतं हे सुचलंही नाही.

सकाळी ती काकांना दिली तेव्हा त्यांनी कप्प्यांवरून अंगठा फिरवला होता. मोजल्यासारखा. "लई उपकार झाले बघा," म्हणाले होते.

"पॅलेट मी भरली," मी येमूल शेठना सांगितलं. "लाल-हिरवा बदलून."

त्यांनी तो निळा डाग परत चोळला. मग म्हणाले, "मग तुम्हीच सांगा त्येंना. मी सांगितलं तर मी एवढे दिवस गप होतो ते पण सांगावं लागंल."

*

छापलेली चूक दुरुस्त करायचा एक रिवाज आहे. खुलासा दुसऱ्याच दिवशी द्यायचा, त्याच पानावर, आणि त्यात सबब घालायची नाही. मी दुपारी अडीचला म्हमाणे काकांच्या घरी गेले. घरातले अक्कलकोटला लग्नाला गेले होते. काकांनीच दार उघडलं. चित्र टेबलावर होतं, शेजारी दोऱ्याची गुंडी आणि वर्तमानपत्र. आमचंच.

"या, या. फ्रेमवाला उद्या दहाला दुकान उघडतो. तोवर गुंडाळून ठेवावं म्हटलं."

"काका, पॅलेट भरताना मी लाल आणि हिरवा रंग बदलला. हिरवा पहिल्या कप्प्यात घातला, लाल चौथ्या. तुम्हाला विचारलं नाही."

त्यांचा हात दोऱ्यावर थांबला.

"पानं लाल?" त्यांनी विचारलं.

"हो."

"समदी?"

"सगळी. फुलं हिरवी."

ते खुर्चीत बसले. चित्राकडं पाहिलं नाही, खिडकीकडं पाहिलं. "म्हणून फरीदा धाडस म्हणाली व्हय." मग, "श्रीहरीला ठाव हाय?"

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, आकाश चांगलं आलंय."

"हो."

"आकाश तरी खरं चांगलं हाय का?"

"आकाश खरं चांगलं आहे."

ते हसले, पण नुसत्या नाकानं. मी उभीच होते. मला वाईट वाटायला हवं होतं आणि मी ते वाटण्याची वाट बघत होते. ते आलं नाही.

"बसा," काका म्हणाले. "साखर हाय मला. डोळ्याच्या नसा सुकत चालल्यात. आकार दिसतो, उजेड-अंधार दिसतो, रंग पुसत गेला. आधी लाल-हिरवा गेला. ड्रायव्हरचा नेमका तोच." त्यांनी पॅलेट ओढून घेतली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. "लाल, पिवळा, दोन पिवळे, हिरवा. सिग्नलची ओळ हाय ही. थांब, हळू, जपून, जा. झोपेत विचारलं तरी सांगीन. म्हणून तशी लावलेली."

मी समोरच्या खुर्चीत बसले.

"लोकांना सांगितलं गुडघे दुखत्यात म्हणून लवकर सोडली. गुडघ्याला काय झालं न्हवतं. इंजिनात नियम असतो बाई. सिग्नल दिसला की असिस्टंटनं मोठ्यानं पुकारायचा, हिरवा. मग ड्रायव्हरनं आपल्या डोळ्यानं बघून परत पुकारायचा, हिरवा. दोघं म्हणाले की पुढं. होटगीच्या अलीकडं एका दुपारी अंबादास म्हणाला, हिरवा. मी म्हणालो, हिरवा. गाडी गेली. वेळेत पोचली. सिग्नल हिरवाच होता. काय सुदिक झालं न्हाई."

"मग?"

"मी बघून न्हवतो म्हणालो. ऐकून म्हणालो होतो. चौतीस वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी पॅलेट खाली ठेवली. "अंबादासला कळलं. मान वळवून बघितलं त्यानं माझ्याकडं, एकदाच. दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला. चार वर्षं झाली, कुठं एक शब्द बोलला न्हाई तो. आता बढती मिळून मेल ड्रायव्हर झालाय. म्हटलं त्याला असं कायतरी द्यावं, की त्याला वाटावं, काकांचे डोळे बरे झाले. गुलमोहर म्हणजे काय हो, लाल आणि हिरवा, दुसरं काय असतं त्यात? आणि हे," त्यांनी चित्रावर तळहात ठेवला, "हे बघून त्याला काय कळलं असतं?"

भिंतीवरच्या घड्याळात तीनला दहा कमी होते.

"कागद आहे अजून?" मी विचारलं.

"कागद हाय. हात हाय. बाकी न्हाई."

"झाड तुम्हाला पाठ आहे. मी पॅलेट पहिल्यासारखी लावून देते."

"नको." ते एकदम म्हणाले. मग हळू, "मोजून नको आता. तुम्ही पुकारा."

*

कागद दोन्ही बाजूंनी भिजवला, काचेवर बसवला. वॉश वाळू नये म्हणून काकांनी खिडकी लावली आणि पंखा बंद केला. एप्रिलातली दुपार होती. दोन मिनिटांत आम्ही दोघं घामानं भिजलो. काकांनी पेन्सिल घेतली नाही. सरळ ब्रश.

आकाश आधी. ब्रश खालच्या ओळीत गेला.

"निळा," मी म्हणाले.

"निळा," काका म्हणाले आणि हात डावीकडून उजवीकडं गेला, एका दमात.

मग खोड. "तपकिरी." "तपकिरी." तुटक्या फांदीपाशी ब्रश आपोआप वळला. मग ते पानांकडं आले. पानांचा वॉश मोठा होता, सगळा पसारा एका ओल्या हातात बसवायचा. ब्रश पहिल्या कप्प्यात गेला.

"हिरवा."

"हिरवा."

ते प्रत्येक वेळी म्हणत होते. ब्रश कितीदाही गेला तरी. मी सांगायचं, त्यांनी थांबून ऐकायचं नाही, नुसतं परत म्हणायचं आणि पुढं जायचं. त्यांचा आवाज घरातला नव्हता, इंजिनाच्या घरघरीवरून पोचावा असा होता. मीही तसाच लावला, दारातून आत हाक मारताना लावायची तसा. पाचव्या की सहाव्या वेळी मी "हिरवा" म्हणाले, आणि ते "हिरवा" म्हणाले, आणि नंतरच्या वेळी ब्रश कप्प्यात गेला तेव्हा मी काहीच म्हणाले नाही.

ब्रश कप्प्यात तसाच राहिला.

"बाई, पुकारा की."

मी तोंड उघडलं. कप्पे एकमेकांत मिसळले होते. पिवळा कुठं संपतो ते समजत नव्हतं.

"बाई?"

"मला दिसत नाहीये," मी म्हणाले.

काकांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. एकदाच. कागदावर अर्धा वॉश ओला होता आणि त्याची कड वाळायला लागली होती. मला ती दिसत नसली तरी माहीत होती. त्यांनाही माहीत होती.

त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"मग थांबू," ते म्हणाले. "दिसत न्हाई तेव्हा गाडी उभी करायची. नियमच हाय तसा."

"रेघ पडेल."

"पडू द्या."

त्यांनी उठून पंखा लावला, माठातलं पाणी आणून दिलं आणि पाठ करून खिडकीशी उभे राहिले. रडणं थांबायला मला किती वेळ लागला ते मी पाहिलं नाही. चौदा महिन्यांत मी घड्याळ न पाहिलेली ती पहिली वेळ. मग मी तोंड धुऊन आले, पंखा बंद केला आणि म्हणाले, "हिरवा."

"हिरवा," काका म्हणाले.

चित्र साडेपाचला झालं. सोमवारी अकराला अंबादासला मिळालं, मेल ड्रायव्हर झाल्याबद्दल, सगळ्यांसमोर. मी डेस्कवर होते. पुढच्या रविवारी काकांनी पंगतीत आपण होऊन सांगितलं की रंग दिसत नाहीत. येमूल शेठ म्हणाले, "आम्हाला काय नवीन सांगता? पहिल्यापासून तुमचं हिरवं कच्चं." आणि त्या दिवसापासून त्यांच्या शेजारी बसून पुकारायचं काम आळीपाळीनं आमच्यावर आलं. काका त्यानंतर पाच वर्षं चित्रं काढत होते.

ते गेले तेव्हा निधनवार्ता मी लिहिली आणि ती देऊन दुसऱ्या दिवशी रजा घेतली. भेटायला अंबादासच्या घरी गेले. गुलमोहर बाहेरच्या खोलीत होता, दारासमोर. पानं हिरवी, फुलं लाल. हिरव्याच्या मधोमध, उजवीकडं, एक गडद रेघ वेडीवाकडी वरून खाली आली होती.

"काकांचा वॉश कधी तुटायचा नाही म्हणतात," अंबादास म्हणाला. "इथं काय चुकलं असेल ओ मॅडम?"

"नाही," मी म्हणाले. "ते बरोबर आहे."